मुक्या मारानंतरची अंघोळ

डोक्याला मार लागलेल्या माणसाला दवाखान्यातून घरी सोडताना हातात एक कागद देतात. वारंवार उलट्या झाल्या, झटका आला, गुंगी वाढली तर तडक परत आणा. दोन दिवस मोबाईल-टीव्ही कमी करा. गाडी चालवू नका. गोळ्या अमुक, जेवणानंतर. सीटी स्कॅन स्वच्छ असतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई किंवा सासूबाई म्हणतातच, ‘‘अगं, कढत पाण्यानं अंघोळ करून घे, मोकळं वाटेल.’’

कागदावर अंघोळीबद्दल अवाक्षर नसतं. बाई न्हाणीघरात जाते आणि दहा मिनिटांनी भिंत धरत बाहेर येते. डोकं ठणकतंय, पोटात ढवळतंय, गाऊनची बटणं लावायचंही त्राण नाही. मग दिवसभर अंथरूण. आदल्या दिवशी रिक्षात बसून घरी आली तेव्हाही एवढं झालं नव्हतं.

हे नाजूकपणाचं लक्षण नाही, आणि आजार बळावल्याचंही सहसा नसतं. गडबड आहे ती अंघोळ म्हणजे एकच साधी गोष्ट असं आपण धरून चालतो त्यात. दुखावलेल्या मेंदूला ती पाच-सहा वेगवेगळी कामं असतात, आणि ती सगळी एकदम, ओल्या फरशीवर, आतून कडी लावून उरकायची असतात. ही कामं एकमेकांपासून सुटी केली की बहुतेकांना पहिल्या आठवड्यातही अंघोळ झेपते. सुटी कशी करायची, हे कळायला आधी डोक्यात काय झालंय ते थोडं पाहावं लागेल.

डोक्याच्या अशा मुक्या माराला डॉक्टर कन्कशन म्हणतात. हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो क्रिकेटमुळे. 2019 च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. स्मिथ मैदानाबाहेर गेला, तपासणी करून परत आला आणि 92 वर बाद झाला. त्रास जाणवला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. मग त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला, कसोटी क्रिकेटमधला पहिला कन्कशन बदली म्हणून. रात्र उलटल्यावर लक्षणं डोकं वर काढतात, हे या दुखापतीत नेहमीचं आहे. त्यामुळे ‘काल तर ठीक होतीस’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. आपल्याकडे अर्थात बाउन्सर लागून आलेले कमीच. स्कूटर घसरलेली असते, जिन्याची पायरी चुकलेली असते, ओट्याखालून वर उठताना ट्रॉलीचा कोपरा लागलेला असतो. आणि मोरीत पाय घसरून पडलेले तर कितीतरी. त्यांना त्याच मोरीत परत अंघोळीला जायचं असतं.

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण 1300 ते 1400 ग्रॅम वजनाचा. तो कवटीत सुमारे दीडशे मिलिलिटर द्रवाच्या आधाराने तरंगत असतो. जोराचा हिसका बसला की मेंदू हलतो, ताणला जातो, आणि पेशींच्या पातळ आवरणातून क्षार भलतीकडे जाऊ लागतात: पोटॅशियम बाहेर, कॅल्शियम आत. ते जागच्या जागी नेऊन ठेवायला पेशींचे पंप जिवाच्या आकांताने चालू राहतात आणि त्यांना भरपूर ऊर्जा लागते. नेमकं त्याच काळात मेंदूकडचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो आणि पेशींमधली ऊर्जानिर्मितीही मंदावलेली असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले ख्रिस्तोफर गिझा आणि डेव्हिड होव्डा यांनी 2001 मध्ये ही साखळी सविस्तर मांडली, आणि आजही कन्कशन समजावताना तिचाच आधार घेतात. सीटी स्कॅनमध्ये फुटलेलं हाड दिसतं, साकळलेलं रक्त दिसतं. ही ओढाताण दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस बेजार, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं. अशा मेंदूवर एरवीची अंघोळ लादणं म्हणजे वीज गेलेल्या घरात इन्व्हर्टरवर गिझर लावणं. दिवे-पंखे चालतात, गिझर लावला की सगळंच बसतं.

आता न्हाणीघरात जाऊ. पहिलं काम म्हणजे नुसतं उभं राहणं. आपण बसल्याचे उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोट आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब मोजणाऱ्या चेतापेशी असतात. त्या मेंदूच्या तळाशी खबर देतात, तिथून हुकूम सुटतो, पायांतल्या वाहिन्या आवळतात, हृदय थोडं जोरात चालतं आणि डोक्याकडचं रक्त टिकून राहतं. हे सगळं काही क्षणांत होतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. कन्कशननंतर अनेकांमध्ये ही स्वयंचलित यंत्रणा ढिली पडते. हृदयाचे ठोके गरजेपेक्षा जास्त वाढतात किंवा दाब सावरायला वेळ लागतो. त्यात अंगावर कढत पाणी. उष्णतेने त्वचेखालच्या वाहिन्या रुंदावतात, तिकडेही रक्त वळतं. म्हणजे एका बाजूला पाय रक्त ओढतायत, दुसऱ्या बाजूला कातडी, आणि सावरणारी यंत्रणा आधीच थकलेली. डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात दडे बसल्यासारखं होतं, पाय लटपटतात. ‘गरम पाण्यानं शीण जातो’ हे धडधाकट माणसाबाबत खरंच आहे. पण शीण घालवणारं ते वाहिन्यांचं सैलावणंच इथे घात करतं.

यावर लोक दुसरं टोक गाठतात: गार पाणी डोक्यावर घ्या, डोकं शांत होईल. गार पाणी अचानक अंगावर पडलं की श्वास अडकतो, हृदय धडधडतं, दाब एकदम चढतो. धक्का तो धक्काच. म्हणून पाणी कोमट हवं. विसण घालताना हाताला ‘अजून जरा गरम चाललं असतं’ असं वाटेल तिथेच थांबायचं. आणि विसण दुसऱ्याने घालून द्यावं. कन्कशनमध्ये प्रतिक्रिया मंदावतात, गिझरचं पाणी थेट अंगावर आलं तर हात मागे घ्यायला उशीर होतो.

वेळही महत्त्वाची. रात्रभर पोटात पाणी गेलेलं नसतं, त्यामुळे सकाळी उठल्या-उठल्या दाब सावरायला जास्त कष्ट पडतात. आपल्या अनेक घरांत अंघोळीशिवाय तोंडात काही घालायचं नाही हा नियम, म्हणजे नेमकी उलटी गोष्ट. या काळात तो नियम गुंडाळून ठेवावा: आधी पेलाभर पाणी, चहाबरोबर काहीतरी खाणं, तासभर दम, मग अंघोळ. भरपेट जेवून लगेच नको, कारण तेव्हा रक्त पोटाकडे गेलेलं असतं. उतारवयातले लोक रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या त्रासावरच्या गोळ्या घेत असतील तर त्या गोळ्याही दाब खाली आणतात. गोळीची आणि अंघोळीची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवणं चांगलं.

दुसरं काम डोळे मिटण्याचं, आणि मला हा भाग सगळ्यात रंजक वाटतो. तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून माहिती घेतो: डोळे, आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका, आणि तळवे व सांध्यांमधल्या चेतना. तिन्हींपैकी एखादं बिघडलं तर बाकीची दोन भरून काढतात. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमधले मोरित्झ रोम्बर्ग हे डॉक्टर मज्जारज्जूच्या एका आजाराचे रुग्ण पाहत होते. पायांकडून मेंदूला खबर नीट पोचत नाही असे हे लोक डोळे उघडे असताना बरे उभे राहत. डोळे मिटायला सांगितलं की डोलू लागत. आजही कुठल्याही मेंदूविकारतज्ज्ञाच्या खोलीत ‘पाय जुळवा, डोळे मिटा’ म्हणतात ती हीच तपासणी. तिचंच घरगुती रूप डॉक्टरांना ठाऊक आहे: असा रुग्ण बेसिनवर वाकून, तोंडाला साबण लावून डोळे मिटतो आणि पुढे कोसळतो.

डोक्यावरून अंघोळ करताना आपण काय करतो पाहा. शॅम्पूसाठी डोळे मिटले, म्हणजे पहिली वाट बंद. पायाखालची फरशी फेसाने बुळबुळीत, म्हणजे तळव्यांची खबर बेभरवशाची. उरला कान. तो कन्कशनमध्ये बऱ्याचदा दुखावलेला असतो, किंवा कान ठीक असून त्याची खबर मेंदूला नीट जुळवता येत नसते. वर आपण डोकं मागे टाकतो, पुढे वाकवतो, बोटांनी खसाखसा चोळत हलवतो. धडधाकट माणूसही एका पायावर उभा राहून, डोळे मिटून, मान हलवून पाहील तर त्याला अंदाज येईल. मात्र हा प्रयोग मोरीत करू नये.

उपाय सोपा आहे आणि तरीही कुणी सांगत नाही: डोळे उघडे ठेवायचे. कपाळावर घडी केलेला नॅपकिन आडवा दाबून धरला की साबणाचं पाणी कडेने ओघळतं. समोरच्या एखाद्या ठरलेल्या जागी, नळाच्या तोटीवर म्हणा, नजर स्थिर ठेवायची. तोंड पाण्याचा हबका मारून न धुता ओल्या कापडाने पुसायचं. डोळे मिटणं अगदी अटळच असेल तेव्हा बसलेलं असायचं आणि एक हात भिंतीला.

बाकीची कामं थोडक्यात. न्हाणीघर म्हणजे चारही भिंतींना गुळगुळीत टाइल्स, कुठे पडदा नाही की गादी नाही, त्यामुळे आवाज घुमतो. स्टीलच्या बादलीत नळ पूर्ण सोडला की जो खणखणाट होतो तो एरवी ऐकूही येत नाही. कन्कशनमध्ये तो कानात खिळा ठोकतो. म्हणून बादली आधी भरून घ्यावी, नळ बंद करावा, मग माणसाने आत जावं. प्लॅस्टिकची बादली बरी. पांढऱ्या टाइलवर आपटणारा एलईडीचा उजेड सोसत नसेल तर दिवसा, खिडकीच्या उजेडात अंघोळ करावी. काहींना टाळूवर पडणारी शॉवरची धारही टोचते, त्वचा इतकी हळवी झालेली असते. शिवाय डोक्याला हिसका बसताना मानेलाही बसलेला असतो, आणि मानेचं दुखणं डोक्यात चढतं.

मग शॉवर की बादली? परदेशातले ऑक्युपेशनल थेरपिस्ट अशा रुग्णांना शॉवरखाली ठेवायची खास खुर्ची आणि हातात धरायचा शॉवर सुचवतात. म्हणजे काय, तर बसून, हवं तेवढं पाणी, हवं तिथे घ्या. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पाटावर बसून तांब्याने अंघोळ होत आली आहे. नव्या फ्लॅटमधल्या काचेच्या कप्प्याने आपल्याला उभं केलं. तेव्हा निदान दोन-तीन आठवडे परत बसावं हे उत्तम. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्यांना तर टबच्या काठावरून पाय टाकून आत जायचं असतं आणि बाहेर येताना तोच काठ ओल्या पायाने ओलांडायचा असतो. त्यांनी खुर्ची घ्यावीच, बादली-मग मिळाला तर आणखी छान.

पण आपल्या जुन्या पद्धतीचे गोडवे गाताना तिच्यातली खोडही पाहायला हवी. बादली जमिनीवर असते. प्रत्येक तांब्यासाठी माणूस खाली वाकतो, वर येतो, तांब्या डोक्यावर नेतो. एका अंघोळीत हे वीस-पंचवीस वेळा होतं. कान आणि डोळ्यांची जुळणी बिघडलेल्या माणसाला गरगरायला एवढं पुरतं. म्हणून बादली उंचावर हवी, बसलेल्या माणसाच्या गुडघ्याच्या पातळीला, म्हणजे हात नुसता आडवा नेला की तांब्या बुडला पाहिजे. भक्कम स्टूल किंवा सिमेंटचा कट्टा चालेल. उलटं घातलेलं घमेलं नको, ते डळमळतं. आणि भरलेली बादली रुग्णाने उचलायची नाही. वीस लिटरची बादली म्हणजे वीस किलो. ती उचलताना आपण श्वास रोखून जोर करतो आणि डोक्यातला दाब चढतो.

चाळीतल्या मोरीत उकिडवं बसून अंघोळ करणारे अजूनही आहेत. उकिडवं बसल्यावर पायांतल्या वाहिन्या दाबल्या जातात, आणि चटकन उठलं की दाब जोरात पडतो. धडधाकट माणसालाही कधीमधी त्यामुळे अंधारी येते. देशी संडासाचंही तेच, तिथे कुंथण्याची भर. या काळापुरती कमोडची खुर्ची आणता आली तर दोन्हीकडची सोय होते, कारण तिला हात असतात आणि पायांना रबर. साधी प्लॅस्टिकची खुर्ची वापरायची तर पाठ भिंतीला टेकवून. फेसावर तिचे पाय सरकतात. ओला लाकडी पाटही घसरतो. खाली खाचांची रबरी चटई, जवळ बादलीत ठेवलेला साबण (पडलेला साबण शोधायला वाकणं ही वेगळीच आफत), टॉवेल आणि कपडे हाताच्या अंतरावर. उठताना आधी पावलं वर-खाली हलवायची, मुठी आवळायच्या, थोडं थांबायचं, मग उभं राहायचं. टॉवेलचा दांडा आधाराला धरू नका, तो टॉवेलच्या वजनापुरताच ठोकलेला असतो.

कडी लावायची नाही, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. बरीच न्हाणीघरं लहान असतात आणि दार आत उघडतं. माणूस दारामागे पडला तर कडी नसूनही दार उघडायला मारामार. हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर कुणीतरी असावं. मात्र दर मिनिटाला दारावर थापा मारून ‘‘झालं का? बरी आहेस ना?’’ असं ओरडू नये. आत आवाज किती घुमतो ते वर आलंच आहे.

आवाज कमी करायचा म्हणून एक्झॉस्ट पंखा बंद करण्याचा मोह होतो. विजेचा गिझर असेल तर हरकत नाही. गॅसचा गिझर न्हाणीघरातच बसवलेला असेल तर पंखा बंद करणं, खिडकी लावणं जिवावर बेतू शकतं. बंद जागेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. त्याची पहिली लक्षणं म्हणजे डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, थकवा, कन्कशनचीच यादी. ‘डोक्याला मार लागलाय म्हणून होतंय’ असं समजून माणूस आतच बसून राहण्याचा धोका आहे. अशा घरात पाणी आधी काढून घ्यावं, गिझर बंद करावा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्यावी आणि मगच आत जावं. गिझर न्हाणीघराबाहेर बसवून घेणं तर एरवीही शहाणपणाचं.

केस हा स्वतंत्र विषय आहे. टाके असतील तर डॉक्टर सांगतील तोवर डोकं कोरडं ठेवायचं. टाके नसले तरी अंग धुणं आणि केस धुणं यांची गाठ सोडावी. न्हाण्याचा दिवस वेगळा, आणि त्या दिवशी दुसरं दमवणारं काम नाही. पहिल्या आठवड्यात न्हालंच नाही तर आकाश कोसळत नाही. न्हायचंच तर खुर्चीवर ताठ बसून, मागून दुसऱ्या कुणी तांब्याने बारीक धार धरायची, डोकं न हलवता नुसती बोटं फिरवायची. तेल लावून चंपी नको. मान हिंदकळते आणि नंतर फरशी तेलकट होते.

आणि मग केस पुसणं. लांब केसांच्या बायका अंघोळ झाल्यावर काय करतात ते आठवा: कमरेतून वाकून केस पुढे टाकायचे, पंचा पिळून त्याने सपसप झटकायचे, मग एका झटक्यात मान मागे. न्हाताना जेवढं जपलं ते सगळं या एका हालचालीत पाण्यात जातं. डोकं खाली, मग वेगाने वर, आणि नजरेसमोरचं घर गर्रकन फिरतं. ओल्या केसांना जाड टॉवेल गुंडाळून वर बांधलेला अंबाडाही मानेला जड होतो. सुती पंचाने बसल्या-बसल्या टिपून घ्यायचे आणि पंख्याखाली वाळू द्यायचे, ड्रायरची घरघर नको.

मला वाटतं, या आजारात पाण्याइतकाच त्रास घरातल्या माणसांचा होतो, तेही प्रेमाने. आपल्याकडे अंघोळ हा नुसता स्वच्छतेचा भाग नाही. पारोसं माणूस देवघरात जात नाही, काही घरांत स्वयंपाकघराला शिवत नाही. बाहेरून जखम दिसत नाही, बाई हसून बोलते, मग अंघोळ का टाळते असा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नाही पण हवेत असतो. ओल्या टॉवेलने अंग पुसून घेणं हा पूर्ण पर्याय आहे, आणि आजारी माणसाला तो परंपरेनेही नाकारलेला नाही. मान, काखा, जांघा, पाय पुसले, कपडे बदलले की स्वच्छतेच्या दृष्टीने काम झालं.

याचा अर्थ महिनाभर पडून राहायचं असा मात्र नाही. पूर्वी कन्कशनच्या रुग्णाला अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवत. 2015 मध्ये अमेरिकेत मिलवॉकी इथे 11 ते 22 वयाच्या रुग्णांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना पाच दिवस सक्त विश्रांती, काहींना एक-दोन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू व्यवहार. सक्त विश्रांतीवाल्यांनी लक्षणं जास्तच सांगितली. बफेलो विद्यापीठातले जॉन लेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवलं की लक्षणं भडकणार नाहीत इतपत चालण्या-सायकलिंगचा व्यायाम करणारी किशोरवयीन मुलं नुसते ताण देणारे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा लवकर बरी झाली: 17 दिवसांऐवजी 13. खेळातल्या कन्कशनवर 2022 मध्ये अॅमस्टरडॅमला आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिच्या निवेदनात पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती आणि मग हालचाल असं स्पष्ट आहे. थोडा त्रास वाढला तर चालतो असंही त्यात आहे. किती? त्रासाला दहापैकी जेवढे गुण आधी द्याल त्यापेक्षा फार तर दोनने जास्त, आणि तासाभरात खाली यायला हवा.

तो निकष व्यायामासाठी आखलेला असला तरी अंघोळीला छान लागू पडतो. आत जाण्याआधी डोकेदुखी तीन होती, बाहेर आल्यावर पाच, आणि तासाभरात परत तीन: ठीक, उद्या हेच. बाहेर आल्यावर सात आणि संध्याकाळपर्यंत सातच: उद्या एखादं काम कमी करायचं, पाणी आणखी कोमट, किंवा केस नाहीत, किंवा नुसतं पुसणं. दोन-तीन दिवस सुरळीत गेले की एकच गोष्ट वाढवायची. आधी बसून पण डोळे क्षणभर मिटून, मग पाणी किंचित गरम, मग शेवटचे दोन तांबे उभं राहून भिंतीला हात लावून, मग पूर्ण उभं. दोन गोष्टी एकाच दिवशी वाढवल्या तर कशाने बिघडलं ते कळत नाही. आणि अंघोळ ही दिवसाच्या कामांत मोजायची. तिच्यानंतर अर्धा तास आडवं होण्याची जागा धरूनच ती ठरवायची.

बहुतेक लोक दोन ते चार आठवड्यांत पूर्ववत होतात. महिना उलटूनही अंघोळीने दिवस आडवा होत असेल तर ‘वेळ लागतो’ म्हणत बसू नये, कारण यातल्या दोन गोष्टी सहज तपासता येतात. एक, रक्तदाब आणि नाडी: आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत. वरचा दाब 20 किंवा खालचा 10 ने पडला तर तो दोष ठरतो. नाडी फार वाढत असेल तर तेही दिसून येतं, पण ते कधी कधी उशिरा दिसतं म्हणून दहा मिनिटं उभं ठेवून पाहतात. पाणी, मीठ, पायांचे घट्ट मोजे, ठरवून दिलेला व्यायाम असे उपाय आहेत. मीठ मात्र रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी स्वतःच्या मनाने वाढवू नये.

दुसरी गोष्ट कानातली. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म खडे असतात. डोक्याला हिसका बसला की ते जागा सोडून नलिकेत शिरू शकतात. मग डोकं मागे टाकलं, वरच्या फळीवरची शॅम्पूची बाटली घ्यायला मान उंचावली, किंवा रात्री कूस बदलली की खोली गरागरा फिरते, आणि मिनिटाच्या आत थांबते. ही चक्कर अशी ठरावीक हालचालीला, थोडाच वेळ आणि परत परत येते. कानाचे डॉक्टर किंवा या कामातले फिजिओथेरपिस्ट रुग्णाला मान वळवून पटकन मागे निजवतात आणि डोळ्यांची थरथर पाहतात. डिक्स आणि हॉलपाइक यांनी 1952 मध्ये वर्णन केलेली तपासणी. खडे सापडले तर अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एप्ली यांनी शोधलेल्या पद्धतीने डोकं क्रमाक्रमाने वळवून ते परत मूळ जागी सरकवतात. काही मिनिटांचं काम, औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. बऱ्याच जणांची चक्कर पहिल्या एक-दोन खेपांतच जाते. चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या महिनोन् महिने घेत राहिल्याने मात्र हे खडे हलत नाहीत. उलट त्या गोळ्यांनी गुंगी येते आणि तोल सावरायला शिकणाऱ्या मेंदूचा वेग मंदावतो. त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना नुसतं ‘अंघोळ केली की गरगरतं’ असं न सांगता कुठल्या हालचालीला गरगरतं, किती सेकंद, आणि उभं असताना की बसून, हे सांगितलं तर निम्मं निदान तिथेच होतं.